जास्वंदीची स्वतःची नवी जात: क्रॉस कसा करायचा, रोप कसं निवडायचं आणि वर्णन कसं लिहायचं

दोन जास्वंदींचा क्रॉस करायला, म्हणजे एकीचे पराग दुसरीच्या फुलाला लावायला, पाच मिनिटं लागतात आणि बरेच जण तिथेच खूश होऊन थांबतात. खरं काम त्याच्या पुढे आहे. आलेली रोपं वाढवायची, त्यातली जवळजवळ सगळी काढून टाकायची आणि जे एखादं उरेल ते असं कागदावर उतरवायचं की ज्याने तुमचं झाड कधी बघितलेलं नाही त्यालाही ते शंभर झाडांत ओळखता आलं पाहिजे. इथे उदाहरण जास्वंदीचं घेतलंय कारण फूल मोठं, सगळे भाग नुसत्या डोळ्यांना दिसतात आणि चिमट्याशिवाय फारसं काही लागत नाही, पण गुलाब, अडेनियम, डेलिली काहीही घेतलंत तरी क्रम हाच.

सुरुवात वहीपासून करा, ब्रशपासून नको. वहीच्या पहिल्या पानावर एका ओळीत लिहा की तुम्हाला नक्की काय हवंय. "सुंदर फूल" असं लिहिलंत तर त्याचा काही उपयोग नाही. "बुटकं झाड, पिवळं फूल, गडद डोळा (फुलाच्या मधला वेगळ्या रंगाचा भाग), फूल दोन दिवस टिकलं पाहिजे" असं लिहिलंत तर पुढे रोप ठेवायचं की काढायचं हे ठरवताना ती ओळ कामाला येते, नाहीतर प्रत्येक रोपाचं पहिलं फूल बघून जीव अडकतो आणि वर्षभरात कुंड्या ठेवायला जागा उरत नाही.

आई-बाप निवडताना

इथे नवखी माणसं फूल बघतात, झाड बघतच नाहीत. फूल ताटाएवढं पण कळ्या गळतात, फांद्या दोनच, पानांवर सतत कीड, असं झाड आई म्हणून, म्हणजे ज्याच्यावर बी धरायचं ते म्हणून, घेतलंत तर पोरांमध्ये तेच सगळं उतरायची शक्यता असते. माझं मत विचाराल तर दोघांपैकी एक तरी झाड ठणठणीत, भरपूर फुटवे येणारं आणि वर्षभर फुलणारं असू द्या, मग त्याचं फूल साधं असलं तरी चालेल.

दुसरं म्हणजे काही झाडं बोंड, म्हणजे बियांचं फळ, चांगली धरतात पण त्यांचे पराग कमजोर असतात, काहींचं नेमकं उलटं. डबल, म्हणजे भरगच्च पाकळ्यांच्या, फुलांमध्ये बऱ्याच वेळा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात त्यामुळे पराग शोधावे लागतात. एका दिशेने क्रॉस लागत नसेल तर आई-बापाची अदलाबदल करून बघा.

आणि शाळेत शिकलेलं मेंडेलचं आनुवंशिकतेचं तीनास एक प्रमाण इथे लावू नका. त्याने १८६६ मध्ये छापलेलं गणित वाटाण्याचं होतं, जास्वंदीच्या बागेतल्या जाती म्हणजे अनेक प्रजातींच्या मिश्रणातून आलेल्या आणि गुणसूत्रांचे दोनापेक्षा बरेच जास्त संच असलेल्या, त्यामुळे पिवळा गुणिले लाल म्हणजे केशरी असं काही होत नाही. एकाच बोंडातल्या दहा बियांची दहा रोपं दहा तऱ्हेची निघतात. म्हणूनच वीस वेगवेगळे क्रॉस करून प्रत्येकाच्या दोन बिया लावण्यापेक्षा दोनच क्रॉस पुन्हा पुन्हा करून त्यांची जास्तीत जास्त रोपं बघितलेली बरी, त्या जोडीत काय दडलंय ते तेव्हाच कळतं.

प्रत्यक्ष क्रॉस

आता फूल जरा जवळून बघा. मधून जो लांब दांडा बाहेर येतो त्याच्या वरच्या भागावर चहूबाजूंनी बारीक देठांवर पुंकेसर लागलेले असतात आणि अगदी टोकाला दांड्याच्या पाच फांद्या फुटतात, प्रत्येकीच्या टोकावर मखमली गोल गादी. ती कुक्षी, पराग लावायचे ते तिथे. जास्वंदीचे परागकण इतके मोठे असतात की चांगल्या उजेडात एकेक दाणा नुसत्या डोळ्यांना वेगळा दिसतो, नवशिक्याला यासारखी सोय नाही.

आई म्हणून निवडलेल्या झाडावरची जी कळी उद्या उमलणार आहे ती आदल्या संध्याकाळी हेरून ठेवा, फुगलेली असते, रंग दिसायला लागलेला असतो. पाकळ्या हलक्या हाताने सोडवा किंवा सरळ कापून टाका आणि चिमट्याने सगळे पुंकेसर खुडून काढा, ते अजून फुटलेले नसतात म्हणून त्यांचे पराग सांडत नाहीत. कुक्षीला धक्का लागू देऊ नका. वर पातळ जाळीची पिशवी बांधा. काही हौशी लोक हे पुंकेसर काढणं वगैरे करतच नाहीत, सकाळी लवकर जाऊन पराग लावतात आणि झालं, बी धरतं पण बाप कोण याची खात्री राहत नाही आणि पुढे वंशावळ लिहायची असेल तर ही खात्रीच लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दव सुकल्यावर बापाचं फूल खुडून आणा. पुंकेसर फुटून पराग मोकळे झालेले असले पाहिजेत, नसतील तर थोडा वेळ थांबा. मग ते फूलच हातात धरून त्याचे पराग आईच्या पाचही गाद्यांवर टेकवा, ब्रश वापरत असाल तर प्रत्येक बापासाठी वेगळा ब्रश. गादी परागांनी भरलेली दिसली पाहिजे, एखाददुसरा दाणा लावून थांबू नका. पिशवी परत बांधा. दिवस कोरडा हवा, पाणी लागलं की परागकण फुटून वाया जातात, आणि कडक उन्हाळ्यात तर भरपूर पराग लावूनही बोंड धरत नाही. सौम्य हवेचे दिवस यासाठी राखून ठेवा.

लेबल लगेच. नंतर लावतो म्हटलं की राहिलंच म्हणून समजा. लेबल फुलाच्या देठाला बांधा, पाकळ्यांना नाही, कारण एक-दोन दिवसांत पाकळ्या आणि दांडा गळून पडणारच आहेत, मागे राहतं ते हिरव्या निदलपुंजातलं अंडाशय. लेबलवर आईचं नाव आधी, मग फुली, मग बापाचं नाव, खाली तारीख. पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई उन्हात उडते. आणि हेच वहीतही लिहा कारण लेबलं वाऱ्याने जातात.

बोंड, बी आणि रोपं

क्रॉस लागला नसेल तर आठ-पंधरा दिवसांत देठ पिवळा पडून सगळं गळतं. लागला असेल तर आतलं अंडाशय फुगायला लागतं, हिरवं बोंड दिसतं आणि साधारण दोन महिन्यांनी, थंडी असेल तर जास्त वेळाने, ते तपकिरी होऊन तडकतं. तडकायच्या आधी जाळीची पिशवी बांधलेली असू द्या नाहीतर बिया मातीत शोधत बसाल. या काळात झाडाला पाण्याचा ताण देऊ नका आणि कुंडी हलवू नका.

बोंडाला पाच कप्पे असतात, बिया तपकिरी आणि थोड्या लवदार. एखाद्या बोंडात दोन निघतात, एखाद्यात वीसच्या वर. बीचं साल टणक असतं म्हणून धारदार ब्लेडने गोलसर बाजूला जरासा छेद द्या, टोकदार बाजूला नाही कारण मूळ तिकडून येतं. रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, मग ओलसर टिश्यूत गुंडाळून उबेला ठेवा किंवा थेट कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) पेरा. काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही उगवतात. लहान रोपं मरतात ती बहुतेक वेळा जास्त पाण्याने, बुडखा काळा पडून आडवी होतात, तेव्हा मिश्रण निचऱ्याचं ठेवा आणि वरची माती जरा सुकू द्या.

आता नंबर. प्रत्येक रोपाला नंबर द्या, नाव नाही. नाव दिलं की ते काढून टाकवत नाही, हा माणसाचा स्वभावच आहे. पद्धत साधी ठेवा, वर्ष, क्रॉसचा क्रमांक, रोपाचा क्रमांक. जगभर गाजलेला 'पीस' गुलाब फ्रान्सिस मेयां यांच्या वहीत कित्येक वर्षं नुसता ३-३५-४० होता, १९३५ सालच्या तिसऱ्या क्रॉसचं चाळीसावं रोप, आणि अमेरिकेत 'पीस' हे नाव मिळालं ते १९४५ मध्ये. घाई नाही हे सांगायला इतकं पुरे.

काय ठेवायचं, काय काढायचं

जास्वंदीचं रोप पहिलं फूल द्यायला साधारण नऊ महिने ते दोन वर्षं घेतं. आणि पहिल्या फुलावर काहीच ठरवू नका, ना चांगलं ना वाईट. पहिली काही फुलं लहान, वेडीवाकडी, रंग कच्चा अशी येतात आणि ऋतू बदलला की रंगही बदलतो, थंडीत लाल-जांभळे रंग गडद होतात, उन्हाळ्यात तेच फूल फिकट दिसतं, डोळा आक्रसतो. किमान एक पूर्ण वर्षाचं चक्र बघा.

बघताना क्रम असा ठेवा: आधी झाड निरोगी आहे का, फुटवे येतात का, कळ्या टिकतात का, फुलं किती येतात आणि सगळ्यात शेवटी फूल कसं आहे. हा क्रम बऱ्याच जणांना उलटा वाटतो. पण ज्या जातीचं फूल फोटोत अप्रतिम आणि झाडावर महिन्यातून एकच, ती जात दुसऱ्यांच्या बागेत तीन वर्षांत संपते. बाकीची रोपं काढा, वाटायची असतील तर खुंट म्हणून, म्हणजे दुसरं कलम बांधायला मुळांचं झाड म्हणून, वाटा, पण नाव देऊन वाटू नका.

उरलेल्या दोन-चार रोपांसाठी मग कठीण प्रश्न, हे खरंच वेगळं आहे का? नवीन बीपासून आलं म्हणून ते नवी जात होत नाही. जातीसाठी तीन गोष्टी लागतात, आधीच्या सगळ्या जातींपेक्षा ठळक वेगळेपण, सगळ्या झाडांत सारखेपणा आणि पुढच्या वाढीतही तोच गुण टिकणं. यासाठी रोपाची छाट कलमं करा, म्हणजे फांदीचे तुकडे लावून मुळं आणा, छाट नीट मुळं धरत नसेल तर दणकट खुंटावर कलम बांधा, आणि ती वेगवेगळ्या जागी वाढवून बघा, काही भर उन्हात, काही अर्ध्या सावलीत, जमलं तर एखाद्या ओळखीच्या माणसाकडे. सगळ्यांना तेच फूल आलं पाहिजे. कलमांची पुन्हा कलमं करा आणि परत बघा.

जास्वंदीत सोय ही की एक चांगलं रोप सापडलं की कलमांनी ते आहे तसं वाढवता येतं. बियांपासूनच वाढवायच्या हंगामी फुलांत, झेंडू, पेटुनिया वगैरे, ही सोय नाही. तिथे निवडलेल्या झाडाचं स्वपरागण करत, म्हणजे त्याचेच पराग त्यालाच लावत, पिढ्यान् पिढ्या निवड करावी लागते, प्रत्येक पिढीत मिश्रपणा, म्हणजे आई-बापांकडून वेगवेगळे आलेले गुण एकाच झाडात असणं, निम्मा होतो, म्हणजे पहिली संकर पिढी शंभर टक्के धरली तर सहाव्या पिढीत सुमारे ३ टक्के उरतो, तेव्हा कुठे बी पेरल्यावर सारखी झाडं येतात.

आणखी एक प्रकार, क्रॉस न करताच एखाद्या झाडाच्या एकाच फांदीवर वेगळं फूल किंवा पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची पानं येतात. याला स्पोर्ट म्हणतात. ती फांदी कलम करून वेगळी वाढवता येते पण तिला मूळ रूपावर परत जायची खोड असते, हिरवा फुटवा दिसला की लगेच छाटावा लागतो. असा स्पोर्ट दोन-तीन कलमांच्या फेऱ्यांत स्थिर राहिला तरच पुढचा विचार करा.

वर्णन: इथेच बहुतेक जण गळतात

"आकर्षक मोठी फुलं, सुंदर केशरी रंग, भरपूर बहर." असं वर्णन निम्म्या जास्वंदींना लागू पडतं. वर्णन म्हणजे जाहिरात नाही, ओळख पटवण्याचं साधन आहे.

मोजपट्टी, वही आणि निरोगी, पूर्ण वाढलेली झाडं घ्या. एकच फूल मोजू नका, वेगवेगळ्या झाडांवरची निदान दहा पूर्ण उमललेली फुलं मोजा आणि किमान, कमाल, सरासरी तिन्ही लिहा. तसंच पानांचं, फांदीच्या मधल्या भागातली पूर्ण वाढलेली पानं, टोकाची कोवळी नाही की तळाची म्हातारी नाही. झाडाचं वय, कुंडीत की जमिनीत, कलमी की स्वतःच्या मुळांवरचं, महिना कोणता, हे वर लिहिल्याशिवाय खालचे आकडे निरर्थक आहेत. एक मीटर उंच म्हणजे एका वर्षात की पाच वर्षांत?

क्रम जमिनीपासून वर ठेवला की काही सुटत नाही. झाडाची ठेवण उभी की पसरट, उंची-रुंदी, फांद्या दाट की विरळ. मग पान, आकार, लांबी-रुंदी, कडा दातेरी की सरळ, खंड पडलेत का, चकाकी, वरचा आणि खालचा रंग, देठाची लांबी. मग कळी, तिचा आकार आणि रंग. मग फूल: एकेरी, डबल की मधलं, व्यास, पाकळ्या एकमेकींवर किती चढतात, कडा सपाट की झालरीच्या, मुख्य रंग, कडेचा रंग, डोळा, डोळ्याभोवतीचं कडं, शिरा, पाकळीच्या मागचा रंग. केसरदांड्याची लांबी आणि रंग, परागांचा रंग, कुक्षीच्या गाद्यांचा रंग, देठाची लांबी. फूल किती वेळ टिकतं, सकाळी आणि संध्याकाळी रंग बदलतो का, बहर कधी.

समजा तुमचं फूल असं आहे, तर लिहायचं ते असं: "फूल एकेरी, व्यास १४ ते १६ सेंमी, सरासरी १५, पाकळ्या सुमारे एक तृतीयांश एकमेकींवर, कडा हलक्या झालरीच्या, पाकळीचा मुख्य रंग यलो-ऑरेंज ग्रुप २३ ए, डोळा गडद लाल, व्यास सुमारे ४ सेंमी, शिरांवरून पाकळीच्या अर्ध्यापर्यंत पसरणारा, डोळ्याभोवती अरुंद फिकट गुलाबी कडं, कुक्षी नारिंगी, फूल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिटतं, तोवर मुख्य रंग फिकट पिवळा झालेला." रुक्ष आहे, मान्य, पण रुक्षच हवं.

यातला तो ग्रुप आणि नंबर म्हणजे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या कलर चार्टचा. बागायती वर्णनासाठी जगभर हाच मानला जातो. पट्ट्यांना मधे भोक असतं, पाकळी भोकाखाली धरून रंग जुळवायचा. थेट उन्हात नाही, बल्बखाली तर मुळीच नाही, ढगाळ दिवसाचा किंवा सावलीतला एकसारखा नैसर्गिक उजेड घ्या आणि फूल ताजं असताना करा. चार्ट महाग असतो, एखाद्या कृषी महाविद्यालयात किंवा फुलांच्या सोसायटीत बघायला मिळतो का ते विचारा. मोबाइलच्या फोटोवरून किंवा स्क्रीनवरून नंबर काढू नका, फोन आपल्या मनाने रंग बदलतो आणि लाल फुलांत तर शिरा-छटा सगळ्या पुसून एक लाल डाग करून ठेवतो. फोटो काढायचेच आहेत, सावलीत, शेजारी मोजपट्टी आणि (रंग नंतर ताडून बघायला) राखाडी कार्ड ठेवून, समोरून, बाजूने, मागून, पानाचा आणि अख्ख्या झाडाचाही. पण फोटो वर्णनाच्या जोडीला, त्याऐवजी नाही.

शेवटचा आणि सगळ्यात कामाचा भाग तुलना. तुमच्या जातीच्या सगळ्यात जवळची दिसणारी एक-दोन जुनी झाडं शेजारी वाढवा आणि फरक लिहा, "अमुकपेक्षा डोळा मोठा, कुक्षी नारिंगी (तिची लाल), फूल एक दिवस जास्त टिकतं". आई-बापांशीही तुलना करा. फरक लिहायला दोन ठळक मुद्दे सुचत नसतील तर कदाचित ती नवी जात नाहीच.

नाव आणि नोंदणी

लागवडीतल्या वनस्पतींच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय संहिता आहे, पहिली आवृत्ती १९५३ ची. नाव एकेरी अवतरणात लिहायचं. १९५९ पासून नव्या जातीला लॅटिन धाटणीचं नाव चालत नाही, कुठल्याही चालू भाषेतलं द्या, मराठीही चालेल, रोमन लिपीत लिहिताना ते भाषांतर न करता उच्चाराप्रमाणे उतरवतात. लांबी ३० अक्षरांच्या आत. नावात हायब्रिड, व्हरायटी, सीरिज असले शब्द घालता येत नाहीत, आणि त्याच वंशात आधी वापरलेलं नाव परत चालत नाही, म्हणून नोंदवही आधी शोधा. जिवंत माणसाचं नाव देणार असाल तर त्याची परवानगी घ्या.

नोंदणी ठरावीक संस्थांकडे होते, वनस्पतीनुसार वेगवेगळ्या, त्यांना इंटरनॅशनल सोसायटी फॉर हॉर्टिकल्चरल सायन्स नेमते. गुलाबासाठी अमेरिकन रोझ सोसायटी, ऑर्किडच्या संकरांसाठी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी. तुमच्या झाडाची संस्था कोणती ते बघून तिचा फॉर्म भरा. वर्णन तारखेसकट छापून प्रसिद्ध व्हावं लागतं, सोशल मीडियावर फोटो आणि नाव टाकलं म्हणजे नाव प्रस्थापित झालं असं नाही.

आणि नोंदणी म्हणजे मालकी नव्हे, यात फार गल्लत होते. नोंदणीने फक्त नाव पक्कं होतं. हक्क हवा असेल तर वेगळी सरकारी प्रक्रिया, अनेक देशांत १९६१ च्या यूपीओव्ही कराराच्या (नव्या जातींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) धर्तीवर, तीत वर सांगितलेले तीन गुण तपासले जातात आणि चौथी अट नवेपणाची. त्या कराराच्या १९९१ च्या सुधारित आवृत्तीप्रमाणे आपल्याच देशात अर्जाच्या आधी एक वर्षापेक्षा जास्त काळ विक्री झालेली चालत नाही, परदेशात चार वर्षं, झाडं आणि वेलींना सहा. म्हणजे आधी विकून बघू, मग अर्ज करू असं केलंत तर ती वाट बंद. हक्क मिळाला तर त्याच आवृत्तीप्रमाणे किमान २० वर्षं, झाडं-वेलींना २५. दुसऱ्याची हक्क असलेली जात क्रॉससाठी वापरायला साधारणपणे मुभा असते पण तिची कलमं करून विकायला नाही, आणि तिचा नुसता स्पोर्ट असेल तर मूळ हक्कदाराची परवानगी लागू शकते. अर्ज करायचा विचार असेल तर आपल्या देशाचा नियम आधी वाचा.

अर्ज जाण्याआधी एक फूल-पानांसकट फांदी दाबून वाळवून, लेबल लावून हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पती जपून ठेवणारी संस्था) द्या, हा त्या नावाचा कायमचा नमुना होतो, वाळल्यावर रंग जातो म्हणून सोबत चार्टचे नंबर आणि फोटो जोडा. मूळ झाडाची निदान तीन कलमं तीन वेगळ्या जागी ठेवा, एकाच गच्चीवर तिन्ही नकोत, आणि कलमं वाटायची सुरुवात केलीत की कुणाला कधी दिली तेही त्याच वहीत लिहून ठेवा.